औषधामागची उंदरांची देवघेव

उंदीर म्हटला की आपल्याला कुरतडलेली धान्याची पोती आठवतात, प्लेगाच्या गोष्टी आठवतात, फार तर गणपतीचे वाहन आठवते. या आठवड्यात आपण ज्या उंदराची माहिती करून घेणार आहोत, तो मात्र पोत्यात सापडत नाही. तो पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत राहतो, गाळून घेतलेल्या हवेत श्वास घेतो. त्याच्या आईबापांची, आजापणजांची नोंद ठेवलेली असते आणि त्याच्या शरीरातील एखादे जनुक माणसाने मुद्दाम बदललेले असते. असा उंदीर एका शास्त्रज्ञाने मोठ्या कष्टाने तयार केला, तर तो त्याने इतरांना द्यावा की स्वतःपाशीच ठेवावा? हा वाद शास्त्रज्ञांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. पण संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

गेल्या काही वर्षांत 'बाळासाठी सोळा कोटींचे इंजेक्शन हवे' अशी मदतीची आवाहने आपण वर्तमानपत्रांत वाचली असतील. महाराष्ट्रातील काही कुटुंबांसाठी लोकांनी शंभर-शंभर रुपयांपासून वर्गणी गोळा केली. त्या आजाराचे नाव स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, थोडक्यात एस.एम.ए. साधारण दहा हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. मज्जारज्जूतील ज्या पेशी स्नायूंना हालचालीचे हुकूम देतात, त्या पेशी यात मरू लागतात. बाळ मान धरत नाही, बसत नाही, दूध ओढताना दमते. त्याची बुद्धी मात्र शाबूत असते, डोळे टकमक बघत असतात. तीव्र प्रकारात उपचार न झाल्यास बहुतेक बाळे दोन वर्षांच्या आत श्वास बंद पडून दगावतात. वीस वर्षांपूर्वी या आजारावर डॉक्टरांच्या हाती एकही औषध नव्हते. आज तीन आहेत. या तीन औषधांच्या मागे उंदरांचे काही वंश आहेत, आणि ते वंश एका प्रयोगशाळेतून दुसऱ्या प्रयोगशाळेत मोकळेपणाने गेले म्हणून हा पल्ला इतक्या लवकर गाठता आला.

उंदराला हा आजार होतच नाही

१९९५ साली फ्रान्समधील संशोधकांनी एस.एम.ए.चे मूळ शोधले. आपल्या शरीरात एस.एम.एन.-१ नावाचे जनुक असते. जनुक म्हणजे शरीरातील एखादे प्रथिन कसे बनवायचे याची लिहून ठेवलेली कृती, असे समजा. ही कृती आईकडून एक आणि बापाकडून एक अशी आपल्याला दोनदा मिळते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर एस.एम.ए. होतो. निसर्गाने माणसाला एस.एम.एन.-२ नावाची एक जादा कृतीही दिली आहे. पण तिच्यात एक बारीक चूक आहे, त्यामुळे तिच्यापासून चांगले प्रथिन फारच थोडे बनते. कोणाच्या शरीरात या जादा कृतीच्या दोन प्रती असतात, कोणाच्या तीन, कोणाच्या चार. जितक्या अधिक, तितका आजार सौम्य.

आता अडचण अशी की ही जादा कृती फक्त माणसात आढळते. उंदराकडे एकच कृती असते. ती काढून टाकली तर उंदराचा गर्भ आईच्या पोटातच अगदी सुरुवातीला मरतो. मग अभ्यास कशावर करायचा? २००० साली तैवानमधील तैपेई येथे आणि अमेरिकेतील ओहायो येथे दोन निरनिराळ्या गटांनी या कोड्याची उकल केली. त्यांनी उंदराचे स्वतःचे जनुक काढून टाकले आणि त्याच्या जागी माणसाचे ते सदोष, जादा जनुक बसवले. पिल्ले जन्माला आली. ज्यांच्यात ते जनुक थोडे होते, ती अशक्त होऊन मेली. ज्यांच्यात भरपूर होते, ती धडधाकट वाढली. म्हणजे माणसाच्या बाळात जे घडते, तेच उंदराच्या पिल्लात घडले. २००५ साली ओहायोच्या गटाने आणखी एक वंश तयार केला. त्यातील आजारी पिल्ले सुमारे दोन आठवडे जगतात. औषध देऊन बघायला तेवढी मुदत पुरते.

हे वंश अमेरिकेच्या मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेच्या साठ्यात जमा झाले आणि तेथून जगात ज्याला हवे त्याला मिळू लागले. तैवानच्या वंशावर न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे ॲड्रियन क्रेनर यांच्या गटाने एका औषधाचे प्रयोग केले. सदोष जादा कृतीतील ती बारीक चूक हे औषध झाकून टाकते, त्यामुळे तिच्यापासून चांगले प्रथिन बनू लागते. तेच औषध, नुसिनर्सेन, डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ओहायोच्या दोन आठवडे जगणाऱ्या पिल्लांवर २०१० साली त्याच राज्यातील कोलंबस शहरात जनुकोपचाराचा प्रयोग झाला. निरुपद्रवी विषाणूच्या पोटात चांगले जनुक भरून ते जन्मानंतर लगेच शिरेतून टोचले, तेव्हा पंधरा दिवसांची पाहुणी असलेली पिल्ले आठ-आठ महिने जगली. हेच ते पुढचे सोळा कोटींचे इंजेक्शन, झोल्जेन्स्मा. त्याला २०१९ साली मान्यता मिळाली. तिसरे औषध रिसडिप्लाम हे तोंडाने घ्यावयाचे आहे. २०२५ साली न्यायालयीन लढाईनंतर त्याची देशी बनावटीची स्वस्त आवृत्तीही भारतात विक्रीस आली.

तैपेईच्या शास्त्रज्ञांनी आपला उंदीर कपाटात कुलूपबंद ठेवला असता, तर न्यूयॉर्कच्या मंडळींना तो पुन्हा पहिल्यापासून तयार करावा लागला असता. जनुक बदललेला एक वंश नव्याने उभा करायचा, तो शुद्ध करायचा, त्याच्या पिढ्या वाढवायच्या, यात त्या काळी दीड-दोन वर्षे सहज जात. ज्या आजारात बाळाचे आयुष्यच दोन वर्षांचे, तेथे दोन वर्षांचा उशीर म्हणजे काय, हे सांगायला नकोच.

शिक्षिकेचे उंदीर आणि १९४७ ची आग

ही देवघेवीची चाल आजकालची नाही. गेल्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ॲबी लॅथ्रॉप नावाच्या निवृत्त शिक्षिका हौशी लोकांसाठी रंगीबेरंगी उंदीर पाळून विकत असत. त्यांच्याकडचे उंदीर विद्यापीठातील संशोधक नेऊ लागले. त्यांपैकी ५७ क्रमांकाच्या मादीपासून क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२१ साली जो वंश वाढवला, तोच पुढे 'ब्लॅक सिक्स' म्हणून जगभर पसरला. उंदराचा संपूर्ण जनुकीय आराखडा डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही याच वंशाचा.

लिटल यांनी १९२९ साली मेन राज्यातील बार हार्बर या समुद्रकाठच्या गावी जॅक्सन प्रयोगशाळा सुरू केली. सख्ख्या भावा-बहिणींचा संकर निदान वीस पिढ्या करत गेले की त्या वंशातील सर्व उंदीर जुळ्या भावंडांसारखे एकसारखे होतात. हे ऐकून काही वाचक नाक मुरडतील, पण संशोधनाला याचा फार उपयोग होतो. मुंबईच्या उंदरावर जे दिसले ते लंडनच्या उंदरावर दिसले नाही, तर फरक औषधाचा आहे, उंदराच्या रक्तातला नाही, असे खात्रीने म्हणता येते.

ऑक्टोबर १९४७ मध्ये त्या भागात मोठा वणवा पेटला आणि जॅक्सन प्रयोगशाळेची बहुतेक इमारत जळाली. हजारो उंदीर जळून गेले. कित्येक वंश त्या दिवशी बार हार्बरमधून कायमचे नाहीसे झाले असते. पण प्रयोगशाळेने मागच्या वर्षांत जेथे जेथे उंदीर पाठवले होते, त्या देशोदेशीच्या संशोधकांनी त्यांच्या जोड्या परत पाठवल्या आणि साठा पुन्हा उभा राहिला. बियाणे शेजाऱ्याला दिलेले असले की आपले कोठार जळाले तरी पेरणी चुकत नाही, हे आपल्या शेतकऱ्यांना वेगळे समजावण्याची गरज नाही. २०१२ साली सँडी वादळाचे पाणी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या तळघरात शिरून हजारो उंदीर बुडाले, तेव्हाही ज्यांनी आपले वंश आधी इतरांना दिले होते त्यांचे काम सावरले.

आता तर साठा जिवंत ठेवण्याचीही गरज उरलेली नाही. १९७२ साली उंदराचे गर्भ गोठवून पुन्हा जिवंत करण्याचा प्रयोग यशस्वी झाला. वंशाचे शुक्राणू किंवा गर्भ द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश तापमानात, वर्षानुवर्षे ठेवता येतात. (आपल्याकडे संकरित गाईंसाठी रेतनाच्या कांड्या ज्या भांड्यातून येतात, तेच हे तंत्र.) मागणी आली की दुसऱ्या मादीच्या पोटात गर्भ ठेवायचा, तीन आठवड्यांत पिल्ले हजर. जपानात त्सुकुबा येथे, इटलीत रोमजवळ, अमेरिकेत कॅलिफोर्निया, मिसुरी वगैरे ठिकाणी असे सार्वजनिक साठे आहेत. २०११ पासून अनेक देशांनी मिळून उंदराचे एकेक जनुक बंद पाडून त्याचा परिणाम नोंदवण्याचे काम हाती घेतले आहे. वीस हजारांच्या आसपास जनुकांपैकी आठ हजारांहून अधिक जनुकांचे काम झाले असून ते वंश मागणी करणाऱ्याला मिळतात.

कोरोनाच्या वेळी या गोठवलेल्या साठ्याने काय केले ते पाहा. २००२-०३ मध्ये सार्स नावाची साथ आली होती. साध्या उंदराला तो आजार नीट होत नसे, कारण विषाणूला पेशीत शिरण्यासाठी जे 'दार' लागते, ते उंदरात वेगळ्या घडणीचे असते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात स्टॅन्ली पर्लमन आणि पॉल मॅक्रे यांच्या गटाने माणसाचे दार असलेला उंदीर तयार केला आणि २००७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. तोवर सार्सची साथ संपली होती. त्या उंदराला कोणी विचारीना. वंशाचे शुक्राणू गोठवून ठेवले गेले. २०२० च्या आरंभी नवा विषाणू आला, त्यालाही तेच दार लागत होते! जॅक्सन प्रयोगशाळेने त्या गोठलेल्या शुक्राणूंपासून वंश पुन्हा उभा केला आणि काही महिन्यांत तो जगभरच्या संशोधकांना धाडण्यास सुरुवात केली. तेरा वर्षे कोणाच्या उपयोगी न पडलेल्या गोष्टीवर खर्च का करावा, असे विचारणारे हिशेबनीस सर्वत्र असतात. त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

'हा उंदीर आमचा'

सगळेच इतके सरळ घडले नाही. १९८० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात फिलिप लेडर व टिमोथी स्ट्युअर्ट यांनी असा उंदीर तयार केला की ज्याला कर्करोग हमखास आणि लवकर होतो. एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकेने त्याला पेटंट दिले. प्राण्याला मिळालेले हे जगातील पहिले पेटंट. संशोधनाला पैसा ड्युपाँट या रासायनिक कंपनीने पुरवला होता, म्हणून हक्क तिच्याकडे गेले. कंपनीने अटी घातल्या : उंदीर दुसऱ्याला देऊ नका, आणि त्याच्या साहाय्याने पुढे जे काही औषध शोधाल, त्यात आमचाही वाटा राहील. शास्त्रज्ञ संतापले. कर्करोगाचे संशोधक एकमेकांना जोडी देण्यास कचरू लागले. अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेचे तेव्हाचे प्रमुख हॅरॉल्ड व्हार्मस यांनी कंपनीशी वाटाघाटी केल्या आणि २००० सालाच्या सुमारास सरकारी व विद्यापीठांतील संशोधकांना ना-नफा कामासाठी मोकळीक मिळाली. २००२ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र वरच्या दर्जाच्या प्राण्याला पेटंट देताच येणार नाही, असा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी दिला. आपल्या भारताच्या पेटंट कायद्यातही प्राण्याला पेटंट नाही. २००४ पासून अमेरिकी सरकारचा पैसा घेणाऱ्याला, आपला नवा उंदीर इतरांना कसा देणार, हे अर्जातच लिहून द्यावे लागते.

मला स्वतःला कंपनीच्या बाजूतही थोडे तथ्य दिसते; ज्याने पैसा घातला त्याला काही परत मिळू नये असे नाही. परंतु औषधावर हक्क सांगणे वेगळे आणि औषध शोधण्याच्या हत्यारावर हक्क सांगणे वेगळे. सुताराच्या पटाशीचा कारखानदार खुर्चीच्या किमतीत वाटा मागू लागला तर कसे चालेल?

फसवा उंदीर

उंदीर वाटला की काम झाले, असेही नाही. उंदीर जसजसा पिढ्या ओलांडतो तसतसा हळूहळू बदलतो. ब्लॅक सिक्स वंशाच्या जॅक्सन येथील शाखेत एका जनुकात असा बिघड शिरलेला आढळला आहे की ज्याने इन्शुलिनचे प्रमाण बदलते. दुसऱ्या शाखेत तो नाही. मधुमेहाच्या संशोधकाने शाखा न बघता उंदीर घेतला, तर निष्कर्ष चुकलाच म्हणून समजा.

याहून मोठा फटका ए.एल.एस. या आजारात बसला. मोठ्या माणसांचे स्नायू झडत जाऊन दोन ते पाच वर्षांत श्वास बंद पाडणारा हा आजार. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना जडलेला तो हाच, त्यांच्यात तो अपवादाने फार सावकाश वाढला. या आजाराचा उंदीर १९९४ साली तयार झाला. त्यात माणसाच्या सदोष जनुकाच्या अनेक प्रती बसवलेल्या असतात. पिल्ले होता होता कधी काही प्रती गळतात. असा उंदीर आपोआपच अधिक जगतो आणि श्रेय मिळते औषधाला! २००८ साली अमेरिकेतील एका ना-नफा संस्थेने सत्तरहून अधिक औषधे काटेकोर पद्धतीने पुन्हा तपासली. आयुष्य वाढवणारे त्यांत एकही निघाले नाही. पूर्वी उंदरावर 'गुणकारी' ठरलेली औषधे घेऊन रुग्णांवर मोठमोठ्या चाचण्या झाल्या होत्या, त्या निष्फळ का ठरल्या याचा त्यातून उलगडा झाला. म्हणूनच मध्यवर्ती साठ्याचे खरे काम उंदीर पाठवण्याचे नसून तो तपासून पाठवण्याचे आहे. शेपटीच्या किंवा कानाच्या कणभर तुकड्यावरून जनुकाची खात्री करतात, रोगजंतूंची तपासणी करतात आणि नव्या जागी उंदीर आधी वेगळा ठेवतात.

आपल्या देशात खारघर येथे टाटा मेमोरियल केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत असे वंश जपले जातात. बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात जनुक बदललेले उंदीर तयार करून देण्याची सोय आहे. हैदराबादजवळही आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे राष्ट्रीय प्राणीकेंद्र आहे. तरीही पुष्कळ वंश बाहेरून आणावे लागतात, आणि परवानग्या, विमानभाडे, विमानतळावरचा खोळंबा यांत संशोधकाचे महिने जातात. उन्हाळ्यात पेटी तासभर धावपट्टीवर राहिली तरी आतले जीव जातात, म्हणून जिवंत उंदरापेक्षा गोठवलेले शुक्राणू मागवणे केव्हाही शहाणपणाचे. प्रयोगांत प्राण्यांचे हाल होऊ नयेत यासाठी १९६० च्या कायद्याखाली केंद्र सरकारची समिती आहे, आणि तिच्याकडे नोंदणी केल्याशिवाय कोणालाही असे प्रयोग करता येत नाहीत. वंश वाटून घेण्याचा एक फायदा येथेही आहे : तोच उंदीर दहा ठिकाणी नव्याने घडवताना जे शेकडो जीव वाया जातात, ते वाचतात.

बातमी वाचताना

'कर्करोगावर रामबाण औषध सापडले' अशी बातमी वाचली की रुग्णाचे नातेवाईक कात्रण घेऊन दवाखान्यात येतात. अशा वेळी शेवटच्या दोन ओळी आधी वाचाव्यात. प्रयोग उंदरांवर झाला असेल तर ते औषध दुकानात येण्यास बहुधा दहा वर्षे लागतील, आणि बहुतेक औषधे तेथवर पोहोचतच नाहीत. निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेत, त्याच वंशाच्या उंदरावर पुन्हा मिळाला का, हे जरूर पाहावे. माणसांवर चाचणी सुरू असेल तर किती रुग्ण, कोणत्या टप्प्यावर, हे डॉक्टरांना विचारावे. उंदराच्या बातमीवर विसंबून चालू उपचार बंद करू नयेत, आणि 'तेच औषध' म्हणून कोणी पुडी दिली तर ती घेऊ नये.

एस.एम.ए.बद्दल दोन गोष्टी घरोघरी माहीत असाव्यात. सुमारे पन्नास माणसांत एकजण या सदोष जनुकाचा वाहक असतो. त्याला स्वतःला काहीच त्रास नसतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढा धोका असतो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. रक्ताच्या नात्यात दोघे वाहक असण्याची शक्यता वाढते. ज्या घरात असे बाळ होऊन गेले आहे किंवा न कळत्या कारणाने लुळे पडून तान्हे मूल दगावले आहे, त्या जोडप्याने पुढचा विचार करण्यापूर्वी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. रक्ताच्या तपासणीने वाहक ओळखता येतो. गरोदरपणात नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणीही होते. मात्र त्यासाठी दिवस गेल्याचे कळताच जावे, चौथा-पाचवा महिना उजाडण्याची वाट पाहू नये.

आणि तान्हे बाळ तीन महिन्यांचे होऊनही मान धरत नसेल, पालथे घातल्यावर डोके उचलत नसेल, हातपाय कापडाच्या बाहुलीसारखे सैल वाटत असतील, रडणे क्षीण असेल, तर 'अशक्त आहे, होईल बरे' म्हणून टॉनिकवर महिने घालवू नका. ओहायोच्या त्या पिल्लांत औषध जन्मल्यावर लगेच दिले तेव्हा महिने मिळाले. काही दिवस उशिरा दिले तेव्हा फायदा घटला. माणसाच्या बाळातही गेलेल्या पेशी परत येत नाहीत. अशा बाळाला त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाला दाखवावे, आणि त्यांनी सांगितल्यास मोठ्या रुग्णालयातील बाल-मेंदूरोग विभागात न्यावे. जाताना लसीकरणाचे कार्ड आणि आधीच्या भावंडांचे कागद बरोबर ठेवावेत.